आजीचा पूर्वानुभव

मी आजवर खोटं बोललेली नाही. जे घडायला हवं होतं आणि राहून गेलं, तेवढंच सांगत आले. आता ते जरा जास्तच राहून गेलं, त्याला मी काय करू?

घरात माझं ऐकणारी एकच उरली होती, अकरा वर्षांची नात. मुलाचे कान लग्नाआधीच किटले होते. सूनबाई शाळेत इतिहास शिकवते, तिला प्रत्येक गोष्टीचा सालासकट पुरावा लागतो. नातीला मात्र माझा शब्द न् शब्द खरा वाटायचा. तीही हातची गेली असती, तर मी नुसती गुडघे चोळत बसलेली म्हातारी! म्हणून सुट्टीत कुठे जायचं हा विषय निघाला, तेव्हा मी कान टवकारले.

जेवणाच्या टेबलावर दोन माहितीपत्रकं पडली होती. एकात परक्या साहेबांनी वसवलेलं जुनं शहर. रंगीत भिंती, लांबच लांब व्हरांडे, चौकात घड्याळाचा मनोरा. दुसऱ्यात बारमाही ओलं, घनदाट जंगल आणि त्यात अ‍ॅडव्हेंचर कॅम्प. नदीवर तार, तारेला माणूस लोंबकळलेला, आणि वर हसतोय मेला.

"शहरात जाऊ," सूनबाई म्हणाली. "एक तरी सुट्टी मला खुर्चीत बसून कॉफी पिऊ दे."

"मी वर्षभर खुर्चीतच बसतो गं!" मुलगा म्हणाला. "मला जंगल हवंय. अंगात रग आहे अजून."

"पोट आहे," सूनबाई म्हणाली.

नात म्हणाली, "आजीला ठरवू दे. ती दोन्हीकडे राहून आलीय."

आलेय ना! त्या मनोऱ्याचं घड्याळ तुझे आजोबा दुरुस्त करायचे, आणि त्यांचं जेवण निवांत व्हावं म्हणून मी रोज दुपारी मोठा काटा वीस मिनिटं धरून ठेवायची, असं मीच तिला सांगितलं होतं. जंगलात तर पूर आलेली नदी मी वेलीला लटकून पार केली होती, काखेत शिवणयंत्र घेऊन. आजोबांनी जन्मभर टपाल कचेरीत शिक्के मारले, आणि आम्ही दोघं बसच्या शेवटच्या थांब्यापलीकडे कधी गेलो नाही, हे सांगायचं तेवढं राहून गेलं.

"आई, त्या घड्याळाखाली म्हणे फलक आहे," सूनबाई गालातल्या गालात हसत म्हणाली. "कुणी कुणी दुरुस्त केलं, सगळ्यांची नावं कोरलीत. वाचूया ना आपण?"

मी चष्मा पुसायचं निमित्त करून दुसरं माहितीपत्रक ओढलं. शेवटच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, साठ वर्षांवरील व्यक्तींना तारेवर प्रवेश नाही. वा! म्हणजे मी खाली बाकावर बसणार, उसासे टाकणार आणि नियमांना नावं ठेवणार.

"जंगल!" मी जाहीर केलं.

"आई, नक्की?" मुलगाच दचकला.

"रक्तात आहे माझ्या."

फॉर्म भरायचं काम नातीने अंगावर घेतलं. तिच्या बापाने नेहमीसारखी न वाचता सही ठोकली.

कॅम्पवर पोचल्या पोचल्या एका नर्सने माझा रक्तदाब बघितला. तोही मेला नेमका चांगला निघाला. मग शिट्टी गळ्यात अडकवलेला दोरीवाला आला. त्याला म्हटलं, "काय करणार बाळा, वय आडवं आलं. नियम म्हणजे नियम."

"छे हो आजी! पूर्वानुभव असेल तर वयाची अट नाही," तो म्हणाला. "तुमच्या फॉर्मला तर पुरवणी जोडलीय!"

नातीचं वळणदार अक्षर. वेल, पूर, शिवणयंत्र, मधे भेटलेली मगर, सगळं अनुक्रमे. आणि वजनाच्या रकान्यात, 'शिवणयंत्रासह पार केल्यामुळे अडचण येणार नाही.'

"पहिल्या तुम्हीच," दोरीवाला म्हणाला. "बाकीच्यांना धीर येईल."

"हो हो, आई आधी," मुलगा खांबाला घट्ट धरून म्हणाला.

कमरेला पट्टे आवळले, डोक्यावर हेल्मेट बसलं. नात दोन पावलांवर, डोळे मोठ्ठे करून उभी. मी दोरीवाल्याच्या कानाशी लागले. "अरे, ते सगळं खोटं आहे रे!"

तो हसला. "तुमची नात म्हणालीच होती. आजी फार विनयी आहे, ऐन वेळी नाही नाही म्हणेल."

आणि दिलं ढकलून.

पलीकडच्या फळीवर पाय टेकले तेव्हा ते माझे होते की कुणाचे, कळेना. तोवर नातही सूंऽऽ करत येऊन पोचली. मागच्या काठावरून तिचा बाप ओरडत होता, "मला पूर्वानुभव नाही होऽ!"

"आजी, सांग ना, काय काय दिसलं?"

थाप काही सुचेचना. "काही नाही गं," मी म्हटलं. "डोळे घट्ट मिटले होते. आणि खरं सांगू? आयुष्यात आज पहिल्यांदा लटकले."

तिने कमरेवर हात ठेवले. चेहरा पार उतरला. "थापा नको मारूस हं आजी."

उभ्या जन्मात एक खरं बोलले, तर ही गत! सूनबाई तारेवरून येतच होती. तिच्यासमोर असले प्रकार परवडणारे नव्हते. मी नातीला जवळ ओढलं.

"बरं, ऐक. मधोमध आले, तर खाली तीच मगर. पार म्हातारी झालीय गं. वर बघून म्हणते कशी, आज शिवणयंत्र नाही आणलंत?"