बाभळीचं दातून

अर्धांगाचा झटका येऊन तीन महिने झाले, पण रूपलाच्या तोंडून एक शब्द निघाला नव्हता. तांड्यातला सगळ्यांत बडबड्या माणूस, आणि आता नुसता बघत बसायचा. तो आपल्याला ओळखतो की नाही, हेच त्याच्या बायकोला, धुरपताबाईला कळेना. तिचा जीव टांगणीला लागला होता.

वाचा परत यावी म्हणून ती त्याला दर आठवड्याला एसटीनं मंगरूळपीरला न्यायची. तिथं निकिता नावाची मुलगी चित्रं दाखवून बोलायला शिकवायची. त्या दिवशी तिनं दात घासायच्या ब्रशचं चित्र धरलं. "बाबा, म्हणा, ब्रश." रूपला खिडकीबाहेर बघत राहिला.

"पोरी, त्या ब्रशची अन् ह्यायची जनमात गाठ नाई," धुरपताबाई म्हणाली. "आमी दातून म्हणतो. बाभळीचं."

निकिताला हसू आलं. "माह्यंच चुकलं, आजी. लय जुना शब्द हाय तो. संस्कृतात दंतपवन, म्हणजे दात साफ करायची काडी. झिजत झिजत त्याचं दातून झालं. घरी काडीच द्या त्यायच्या हातात."

धुरपताबाई वरमली. तीन महिने ती बोटाला मंजन लावून नवऱ्याचे दात घासत होती, तान्ह्या लेकराचं करावं तसं. काडी द्यायचं काही डोक्यात आलं नव्हतं. आणि म्हणे शहाणी.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं बांधावरच्या बाभळीची काडी तोडली, काटे काढले, टोक दगडानं ठेचून मऊ केलं आणि त्याच्या धडक्या, डाव्या हातात दिली. रूपलानं ती हुंगली, तोंडात घातली. तुरट रस जिभेवर उतरला तसे त्याचे डोळे बारीक झाले. बराच वेळ तो चघळत राहिला. हनुवटीवरची लाळ तिनं पदरानं पुसली.

मग त्यानं काडी बाहेर काढली. ओठ दोनदा नुसतेच हलले.

"दा... दातून."

धुरपताबाईनं त्याला घाई केली नाही. तो तिच्या रिकाम्या हातांकडे बघत होता.

"तुले... नाई?"

तू तोंड धुतलंस का, दोन घास खाल्लेस का, असं तीन महिन्यांत तिला कुणी विचारलं नव्हतं. ती त्याच्याजवळ मातीत बसली आणि पोटभर रडली.