तिसऱ्या पानावरची सही

कुटुंब न्यायालयाच्या जिन्याखाली मास्तरांचं टेबल होतं. हे काही शाळेतले मास्तर नव्हेत. ते अर्ज टाइप करायचे. पण टेबलाशी येऊन बसलेला प्रत्येक जण कागद बाजूला ठेवून आधी शंका विचारायचा आणि मास्तर तिचं उत्तर द्यायचे. म्हणून कधीतरी कुणीतरी मास्तर म्हटलं आणि ते चिकटलं. खरं नाव आता विजेच्या बिलावर तेवढं उरलं होतं.

शंका तरी काय, त्याच त्या. मूल कुणाकडे राहणार? नवरा पोटगी द्यायला तयार नाही, काय करू? दोघांची संमती असली तर घटस्फोट किती दिवसांत होतो? सासरे मृत्युपत्र न करताच गेले, मग घर कुणाचं? मास्तर बोटं न थांबवता उत्तरं द्यायचे. वकील जे सांगायला तीन तारखा घेतो ते मास्तर तीन वाक्यांत सांगतात, अशी त्यांची ख्याती होती. वकिलांच्या कानांवरही ती गेली होती, तरी ते मसुदे त्यांच्याकडेच धाडत, कारण मास्तरांच्या टेबलावरून गेलेला कागद वरच्या खिडकीवरून परत येत नसे. खिडकीतली कारकूनबाई पानं उलटताना एक सही जरी कमी दिसली तरी अर्ज तसाच बाहेर सरकवायची. आणि मग पुन्हा रांग, पुन्हा खेप.

म्हणून मास्तरांची एक पद्धत होती. छापलेली पानं पक्षकारापुढे ठेवायची आणि प्रत्येक पानावर बोट टेकवत जायचं. इथे, इथे, आणि इथे. माणसं बोट दिसेल तिथे सही करत. तीस वर्षांत सहीआधी वाचायला घेणारे त्यांनी चारच पाहिले, आणि त्यांतले दोन चष्मा विसरलेले होते.

चार वाजता शाळा सुटली की त्यांची मुलगी तिथे यायची. नऊ वर्षांची, डाव्या हाताने लिहिणारी, एक वेणी नेहमी सुटलेली. वडिलांना एकट्याला दोन्ही वेण्या सारख्या घालता येत नसत आणि शिकवणारी आता घरात नव्हती. टेबलाच्या बाजूला तिचं बुटकं स्टूल होतं. तिथे बसून ती सह्या झालेल्या पानांत दोरा ओवायची. त्याआधी प्रत्येक पानाच्या तळाशी नजर टाकायची. पानाचा आकडा आणि सही, बस्स. वरचं काही वाचायचं नाही, लोकांची भांडणं असतात ती, असं मास्तरांनी बजावलेलं होतं. "सही नाही तो कागद मेलेला," हेही त्यांनीच शिकवलं होतं. एकदा तिने भल्यामोठ्या वकिलाची राहिलेली सही पकडली, तेव्हापासून मास्तर तिला तपासनीसबाई म्हणायचे. ती फुशारून जायची. आल्या आल्या विचारायची, "आज काही तपासायचंय?"

त्या दिवशी तपासायला फारसं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून न्यायालयाला महिनाभराची सुट्टी लागणार होती, साडेचारला खिडकी बंद होणार होती आणि शहाणी माणसं आपापले कागद सकाळीच देऊन गेली होती. साडेतीनला एक गृहस्थ आले. इस्त्रीचा सदरा, हातात वकिलाने लिहिलेला मसुदा, काखेत बुटांचा खोका. घाम पुसत बसले आणि म्हणाले, "मास्तर, आजच वर गेला पाहिजे हा. नाहीतर महिना जाईल. वकील म्हणाले, तुमच्याकडे चूक होत नाही."

"कसला आहे?"

"ताब्याचा. मुलीच्या."

मास्तरांनी मसुदा स्टँडला लावला. ताब्याचा अर्ज त्यांना तोंडपाठ होता. अर्जदाराचं नाव, वय, पत्ता डोक्यात न शिरताच भराभर टाइप झालं. मग सामनेवाल्याचं नाव आलं, आणि त्यांनी तेही टाइप केलं. पत्ता आला. घराचा नंबर टाइप करून झाल्यावर बोटं थांबली. घर त्यांचं होतं. नावही त्यांचंच होतं. विजेच्या बिलाखेरीज फारसं कुठे न दिसणारं ते नाव वकिलाच्या तिरप्या अक्षरात नीट लिहिलेलं होतं.

मास्तरांनी अर्जदाराचं नाव पुन्हा वाचलं, ते बायकोच्या पहिल्या नवऱ्याचं होतं. त्यांनी वर पाहिलं. हा माणूस त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. बायकोने त्याचे फोटो मास्तरांशी लग्न करण्याआधीच फाडून टाकले होते. आणि या माणसाने तरी त्यांना कुठे पाहिलं होतं? त्याच्यासमोर बसला होता तो जिन्याखालचा टंकलेखक.

"वाचता येत नाहीये का अक्षर?" गृहस्थांनी विचारलं.

"येतंय," मास्तर म्हणाले. सामनेवाल्याच्या धंद्यापुढे वकिलाने 'खाजगी नोकरी' असं ठोकून दिलं होतं. मास्तरांनी तेही तसंच टाइप केलं.

उठून जाता आलं असतं. मशीन बिघडलंय म्हणता आलं असतं. पण समोरच्या फुटपाथवर दोन दुकानं होती आणि तिथे हाच अर्ज वीस मिनिटांत झाला असता. शिवाय पुढे काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय मास्तरांना राहवेना. दुसऱ्याच्या घराची राखरांगोळी त्यांनी रोज टाइप केली होती. आपल्या घराची टाइप करताना बोटं त्याच गतीने चालतात हे पाहून त्यांना स्वतःचीच किळस आली.

'अज्ञान मुलीची आई अकरा महिन्यांपूर्वी मयत झाली असून मुलगी सध्या एका परक्या इसमाकडे राहते.' परक्या इसमाने ते वाक्य पूर्ण केलं आणि पूर्णविराम दिला.

"तुम्ही पाहता की रोज," गृहस्थ म्हणाले. "काय होईल हो याचं?"

हीसुद्धा नेहमीचीच शंका. उत्तर जिभेवर होतं. मास्तरांनी ते शेकडो सावत्र बापांना, मावश्यांना, आज्यांना दिलं होतं. तुम्ही वाढवलंत हे खरं, पण कागद काय आहे तुमच्याकडे? दत्तकाचा हुकूम आहे? नाही ना? मग जन्मदाता आला की न्यायालय आधी त्याच्याकडे बघतं. माया कागदावर चढत नाही हो.

"बापाचा हक्क असतो," मास्तर म्हणाले. "पण सांभाळणाऱ्याने आधीच पालकत्वासाठी अर्ज केलेला असला, तर त्याचंही ऐकावं लागतं."

"केलेला नाही. वकिलांनी चौकशी केली."

केलेला नव्हता. अकरा महिने मास्तर उद्या करू, उद्या करू म्हणत होते. लोकांना चालढकल करू नका म्हणून सांगणारा माणूस स्वतःचं घोंगडं भिजत ठेवून बसला होता. उजव्या हाताच्या ड्रॉवरमध्ये, शिक्क्यांच्या डबीखाली, दत्तकाचा एक अर्जही होता. पाच वर्षांपूर्वी त्यांनी हौसेने टाइप केला होता. त्यावर त्यांची सही होती, बायकोची सही होती. तिसरी जागा मुलीच्या जन्मदात्याच्या संमतीची, ती कोरी होती. बायको म्हणाली होती, "नको त्याला विचारायला. विचारलं की त्याला आठवेल आपण बाप आहोत ते." तिचं म्हणणं त्यांनाही पटलं होतं. आज तो जन्मदाता हातभर अंतरावर बसून घाम पुसत होता.

माणूस वाईट असता तर बरं झालं असतं. मास्तरांनी त्याच्यात वाईट शोधून पाहिलं, सापडेना. "मी तेव्हा लांब होतो," तो आपणहून सांगू लागला. "लायकच नव्हतो म्हणा. दीड वर्षाची होती, तेव्हा शेवटचं पाहिलं. तिची आई गेली हे मला मागच्या महिन्यात कळलं. रात्रभर बसून राहिलो. आता परक्याच्या दारात पोर किती दिवस ठेवायची?" त्याने खोका उघडला. लाल रंगाचे बूट होते, बक्कल असलेले. "अंदाजाने घेतलेत."

मास्तरांना मुलीच्या पायाचं माप ठाऊक होतं. हे बूट तिला सहाव्या वर्षी झाले असते.

"इयत्ता कोरी सोडलीय वकिलांनी," ते म्हणाले.

"तिसरी असेल. टाका तिसरी."

मास्तरांनी चौथी टाइप केलं. चुकीचं टाइप करणं त्यांना जमलं नाही.

चारला पाच कमी असताना तीन पानं छापून बाहेर आली. मास्तरांनी ती हातात घेतली आणि ड्रॉवरकडे पाहिलं. दत्तकाचा कागद मध्ये सरकवायला किती वेळ लागतो? इथे, इथे, इथे, आणि इथे. हा माणूस वाचणाऱ्यांतला नव्हता. एका सहीत मुलगी त्यांची झाली असती. ड्रॉवर दोन बोटं उघडला. मग त्यांना पुढचं सगळं दिसलं, कारण पुढचंही त्यांनी अनेकदा टाइप केलं होतं. फसवून घेतलेली सही, पहिल्याच तारखेला उघडं पडलेलं पितळ, आणि न्यायाधीशांचा शेरा की अशा माणसाकडे मूल राहू देता येत नाही. त्यांनी ड्रॉवर बंद केला.

पण महिना? महिना तरी मिळावा. एका महिन्यात ते स्वतःचा अर्ज करतील, सुट्टीनंतर पहिल्या दिवशी पहिल्या रांगेत उभे राहतील, मुलीला नीट बसवून सगळं सांगतील. एवढंच हवं होतं. त्यांनी पानं पुढे ठेवली आणि पहिल्यावर बोट टेकवलं. "इथे." दुसऱ्यावर टेकवलं. "आणि इथे."

गृहस्थांनी दोन सह्या केल्या आणि पेनाला टोपण लावलं. तिसरं पान खाली तसंच राहिलं. मास्तरांनी तीस वर्षांत पहिल्यांदा अपुरा कागद टेबलावरून जाऊ द्यायचं ठरवलं होतं. कारकूनबाई तो बाहेर सरकवेल, खिडकी बंद होईल, आणि उद्यापासून सुट्टी. त्यांनी वर एक कोरं पान ठेवून गठ्ठा जुळवला. आता दोरा तेवढा ओवायचा होता. सुईत दोरा जाईना. एकदा चुकला, दोनदा चुकला, दोऱ्याचं टोक पिंजलं. घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली.

"द्या इकडे, बाबा."

दप्तर टेबलाखाली गेलं, बुटांचा खोका अलगद बाजूला सरकला आणि मुलगी स्टुलावर बसली. धावत आली असावी, दुसरी वेणीही सुटली होती. मास्तर म्हणाले, "राहू दे, मी करतो," पण तोवर गठ्ठा तिच्या मांडीवर गेला होता. तिने दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करून एका फटक्यात ओवलं.

"तसाच बांध," मास्तर म्हणाले. "घाई आहे त्यांना. बघू नकोस."

तिने त्यांच्याकडे जराशा नाराजीने पाहिलं. बघू नकोस काय? मग ती येते कशाला? तिने कोऱ्या पानाखाली बोट घातलं आणि सवयीने पानांचे तळ उचलून पाहिले. एक, सही. दोन, सही. तीन.

"काका, थांबा," ती म्हणाली. "तुमची सही राहिलीय. तिसऱ्या पानावर."

गृहस्थ जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवून उभे होते. ते परत आले. "अरेच्चा. बघा, निघालोच होतो." तिने पान पुढे धरलं आणि नेमक्या जागी बोट टेकवलं, अगदी बापासारखं. "इथे." त्यांनी वाकून सही केली.

"तुमची मुलगी?" त्यांनी मास्तरांना विचारलं.

"हो," मास्तर म्हणाले.

"हुशार आहे. माझीही आता एवढीच असेल." त्यांनी खोका उचलला, झाकण जरा उघडलं, तिच्या पायांकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "बाळ, हे होतील का गं तुझ्याएवढ्या मुलीला?"

तिने आपला पाय खोक्याशेजारी ठेवून बघितला. तिला वाईट वाटलं असावं, कारण ती हळू आवाजात म्हणाली, "नाही होणार काका. पण रंग छान आहे. दुकानदार बदलून देतो."

"बदलून घेतो," ते म्हणाले. बांधलेला अर्ज त्यांनी छातीशी धरला, मास्तरांना नमस्कार केला आणि जिना चढून गेले. पावलं वरच्या मजल्यावर पोचली, खिडकीशी थांबली. मास्तर मान वर करून ऐकत राहिले. हाक मारायची होती, पण काय म्हणून मारणार? थोड्या वेळाने शिक्का पडल्याचा आवाज आला.

मुलीने उरलेला दोरा रिळाला गुंडाळला आणि सुई डबीत ठेवली. मग मास्तरांच्या गुडघ्यावर कोपर टेकून वर पाहिलं. शाबासकी अजून मिळाली नव्हती.

"परत आला असता ना बाबा तो कागद? मी नसते तर?"

मास्तरांनी तिची सुटलेली वेणी हातात घेतली. तीन पेड केले, पण पुढे कोणता कोणावर टाकायचा ते त्यांना सुचेना.

"आला असता," ते म्हणाले.