चष्मेवाल्यांचा नंबर

चष्मेवाल्यांकडे कुठलंही गाऱ्हाणं न्या, उत्तर एकच: नंबर वाढलाय. डोकं दुखतंय, नंबर. जिन्यात धडपडलात, नंबर. त्यामुळे त्या सकाळी फ्रेमचा स्क्रू पिळताना त्यांच्या स्वतःच्याच उजव्या डोळ्यापुढे एकाएकी अंधार झाला, तरी गडी डगमगला नाही. आधी त्यांनी दिवा बदलला. मग तपासणीच्या काचा एकामागून एक डोळ्याला लावून पाहिल्या. निम्मी पेटी पालथी घातली, अंधार तसाच.

"काय चाललंय?" गल्ल्यावरून बायकोनं विचारलं.

"उजव्याचा नंबर वाढलाय थोडा."

"दुखतंय?"

"अजिबात नाही. म्हणूनच म्हणतोय, काही झालेलं नाही."

बायको उठली. तिनं त्यांना खुर्चीत बसवून डाव्या डोळ्यावर घट्ट रुमाल बांधला आणि जरा वेळानं फर्मावलं, "समोरचा तक्ता वाचा."

चष्मेवाले खूश झाले. सगळा जन्म त्या तक्त्यासमोर गेलेला. वरच्या टपोऱ्या अक्षरापासून खालच्या मुंगीएवढ्या ओळीपर्यंत त्यांनी घडाघडा म्हणून दाखवलं आणि ऐटीत विचारलं, "झालं समाधान?"

"तक्ता माझ्या हातात आहे," बायको म्हणाली. "समोर नुसती भिंत आहे."

ती हसली नाही. दुकानात एक गिऱ्हाईक आरशात नाक वर करकरून फ्रेम बघत होतं, त्याला तिनं बाहेर काढलं, शटर ओढलं आणि नवऱ्याला टॅक्सीत कोंबलं.

"अगं, चष्मेवाल्यालाच दिसत नाही म्हणतील लोक," ते वाटभर कुरकुरत होते.

"म्हणू देत."

हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात औषध घालून आत बराच वेळ पाहिलं. "डोळ्याची रक्तवाहिनी अचानक तुंबलीय. लगेच आलात ते बरं केलंत. उपचार आत्ताच सुरू करू. नजर किती परत येईल, ते मात्र आज नाही सांगता येणार."

"आणि जाड काच लावली तर?"

"काचेचा इथे काही उपयोग नाही."

चष्मेवाल्यांचं तोंड एवढंसं झालं. बायको त्यांच्या उजवीकडे बसली होती. त्यांना मनापासून भीती वाटत होती, आणि ती झाकायला आता नंबरही उरला नव्हता.

"अगं," ते हळूच म्हणाले, "तिकडे बसलीस की तू दिसत नाहीस. या बाजूला ये."