पंचावन्नाचा न्याय

"जिनमा पंचावन वरीस कोन जगस वं, पोरी?" सासूबाईंनी बजावलं, तेव्हा वत्सला हसली होती. कॉलेजात शिकलेली ना ती! नंदुरबारच्या कापसाच्या जिनचे मॅनेजर असलेल्या नवऱ्याला तिनंच सुचवलं होतं: कारकून असो की मजूर, म्हातारपणचा फंड पंचावन्नालाच. सगळ्यांना सारखा न्याय!

बाळ शिंकलं तरी वैद्य बोलावणारी ही सावध आई. पण कापसाच्या तुसात वर्षानुवर्षं खोकणारा जिनमधला मजूर छगन तिला ठणठणीत वाटला. आता चाळिशीतच त्यानं अंथरूण धरलंय आणि फंडाला अजून पंधरा वर्षं आहेत.

"नियम बदला हो," ती नवऱ्याच्या मागे लागलीय.

"तुमचाच न्याय, बाईसाहेब!" तो टोमणा मारतो.

तोवर तुम्ही जिनकडे जाणार असाल, तर छगनच्या घरी डोकावून याल का? तिला तोंड दाखवायची लाज वाटते.