वेंडेलची प्रार्थना आणि हॉईटचा टायर

स्टॉक कारच्या शर्यतीआधी पाद्रीबुवांनी देवाला साकडं घालायचं, ही आमच्या जॉर्जियातली रीतच. त्या वर्षी हंगामाच्या शेवटच्या शर्यतीला हा मान माझ्या थोरल्या भावाला, आमच्या चर्चच्या पाद्रीला, वेंडेलला मिळाला आणि आमच्या घरात युद्ध पेटलं.

कारण हॉईट रॅग्सडेल. आमच्याच गावचा ड्रायव्हर, गॅरेजात वाढलेला. तीनदा विजेतेपद हातातोंडाशी येऊन निसटलेलं. आता ही शर्यत झाली की निवृत्ती. कॅलिफोर्नियाच्या त्या चकचकीत दातांच्या ब्रॅडनच्या पुढे राहिला, की विजेतेपद त्याचं. आईची हॉईटवर आमच्यापेक्षा जास्त माया. ट्रॅकवर भुईमुगाच्या शेंगा अपशकुनी, म्हणून निघताना तिने माझे खिसेसुद्धा चाचपले.

"वेंडेल, प्रार्थनेत हॉईटचं नाव घ्यायचं," तिने बजावलं.

"आई, देवाला सगळे सारखे."

"देवाला असतील, मला नाहीत. नाव घेतलं नाहीस तर थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला माझ्या दारात उभं राहायचं नाही."

आई बोलते ते करते. बाबांनी हॉईट चालवतो त्याहून वेगळ्या कंपनीची गाडी घेतली, तेव्हा ते महिनाभर व्हरांड्यात झोपले होते.

लाखभर माणसं टोप्या काढून उभी राहिली. वेंडेलने माइक धरला, आमच्या बाजूला बघून घाम पुसला. "देवा, आज जो जो गाडीत बसेल, तो तो आपल्या पायांनी घरी जाऊ दे." एवढंच. आमेन.

"दळभद्री," आई पुटपुटली.

शेवटच्या फेरीपर्यंत हॉईट पुढे होता. आई बाकावर चढून ओरडत होती. शेवटच्या वळणावर त्याचा टायर फुटला, गाडी भिंतीवर आदळली, कोलांट्या खाऊन पेटली. ब्रॅडन बाजूने निघून गेला, पण जिंकणाऱ्याकडे बघतंय कोण? आईने माझं मनगट घट्ट आवळलं होतं. मी इतका कधीच घाबरलो नव्हतो.

मग धुरात खिडकीतून एक हात आला. मग हेल्मेट. मग अख्खा हॉईट. त्याने जळत्या गाडीला एक लाथ घातली आणि लंगडत, चालत निघाला. आई ढसाढसा रडली. तो वाचला म्हणून की हरला म्हणून, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

थँक्सगिव्हिंगला वेंडेल भाजलेल्या हॅमचं ताट घेऊन अंगणातच घुटमळत होता. आईने दार उघडून त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"ये आत. तुझं ऐकतो म्हणायचं देव."

"हो, आई."

"मग मेल्या, टायरचंही सांगायला काय झालं होतं?"