बारकीला हाक मारणारा कर्णा

मी एक जुना कर्णा आहे. अंग ॲल्युमिनियमचे, तोंड परातीएवढे. मुंबईच्या एका कारखान्यात मला घडवले आणि १९९० साली पेणच्या पुंडलिकने मला आपल्या रिक्षाच्या टपावर बांधले. सर्कस येवो, साड्यांचा सेल लागो, सारे पेण माझ्याकडे कान लावी. चहावाला हिरामण ओरडे, "पुंड्या, तुझ्या भोंग्यानं माझ्या दुधावरची साय हलते रे!" मित्रांनो, तेव्हा मला केवढी ऐट वाटे!

१९९४ चा श्रावण. वडखळजवळच्या मिठागरात राबणारी शांती गणपतीच्या मूर्तीसाठी घरचा पाट मूर्तिकाराकडे द्यायला पेणला आली. बरोबर चार वर्षांची लेक होती, हिरव्या परकरातली. पाट एका हाताने देत नाहीत, म्हणून शांतीने पोरीचा हात सोडला. पाट देऊन वळली, तर पोर नाही.

पुंडलिकने पैशांचे नावही न काढता रिक्षा काढली. कर्ण्यावर नाव पुकारायचे ते लग्नपत्रिकेसारखे, पूर्ण, अशी आमच्याकडची रीत. मी गर्जू लागलो, "कुमारी सुरभी मोरू ठाकूर, जिथे असशील तिथून पुढे ये!" हमरापूर झाले, वडखळ झाले, कोलाड झाले. माझा आवाज एकदाही फाटला नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही रोह्याच्या बाजारात पोहोचलो. मागे बसलेली शांती हळूच म्हणाली, "दादा, सुरभी म्हटलं तर ती वळनार नाय. ते नाव बालवाडीच्या वहीत हाय. घरात तिला बारकीच म्हनतात."

पुंडलिकने करकचून ब्रेक दाबला. "मग आधी का नाय बोललीस गो?"

"तुमी शिकलेली मानसं. मला वाटलं, भोंग्यात कागदावरचंच नाव चालतं."

पुंडलिकने माइक तिच्या हातात दिला. ती ओरडली, "बारके! अगो बारके, ये गो! आय आलीय!"

अशी हाक माझ्यातून कधी गेली नव्हती. बाजारात तीन लहान मुलींनी माना वळवल्या. त्यांतली एकही तिची नव्हती. पोलिसांनी शोध घेतला, पेपरात फोटो आला. पण बारकी सापडली नाही. तिचे काय झाले, हे आजवर कोणालाच कळले नाही.

त्या दिवसापासून पुंडलिक आधी विचारी, "घरात काय हाक मारता?" मगच माइक उचली. १९९७ साली पेणच्या बाजारात कृष्णाबाईंचा नातू हरवला. मी "लाडू! ए लाडू!" अशी हाक मारताच तो एका हातगाडीखालून रांगत बाहेर आला. "मी इथंच हाय, वरडताय कशाला?" म्हणाला. सारा बाजार हसला. कृष्णाबाईंनी त्याला आधी एक धपाटा घातला, मग पोटाशी धरले.

शांती गर्दीत उभी होती. ती पुढे आली आणि माझ्या तापलेल्या पत्र्यावर हात ठेवून पुंडलिकला म्हणाली, "माजी नाय आली. पन तुमी इचारलंत, म्हनून हिचा आला."

माझे कितीतरी कौतुक झाले, पण एवढे मोठे दुसरे नाही. आता माझा पडदा फाटला आहे. पुंडलिकच्या पडवीत मी खिळ्याला टांगलेला असतो. तरी मान ताठ आहे.

मित्रांनो, एखादे मूल हरवले, तर कागदावरचे नाव शोधत बसू नका. त्याच्या आईजवळ बसा, तिला बोलू द्या. बारकीला तिची हाक उशिरा, तिसऱ्या दिवशी गेली. दुसऱ्या कोणाला तेवढा उशीर करू नका.