हात पाठीमागे बांधा

मित्रांनो, मी एक जुना ठसा आहे. नाक मुरडू नका. कार्यालयात कागदांवर धपाधप आपटतात, तो मी नव्हे. मी पारदर्शक, मऊ रबराचा, जेमतेम नखाएवढा. माझ्या अंगावरच्या रेघा इतक्या बारीक आहेत की त्यांच्यापुढे तुमचा केस दोरखंड वाटावा.

एका ठिसूळ साच्यात माझा जन्म झाला. मला सोडवून घेतले आणि साचा हातातून निसटून फुटला. म्हणजे माझ्यासारखा दुसरा होणे नाही. हे मी जरा मिरवतोच.

मूळपेशी म्हणजे पुढे काय व्हायचे हे अजून ठरलेले नसलेल्या पेशी. मोकळ्या सोडल्या की त्या वाट फुटेल तिकडे पसरतात. माझ्या अंगाला शाईऐवजी प्रथिन लावतात, मी काचेवर त्याच्या रेघा उमटवतो आणि पेशी त्या रेघा धरून रांगेत वाढतात. आमच्या संशोधक ताईला अशा रांगांतून हृदयाचा स्नायू घडवायचा होता.

पहिल्याच वेळी तिने घाईत मला अंगठ्याने दाबले. माझ्या रेघांमधली खोलगट जागाही काचेला टेकली, प्रथिन सगळीकडे माखले आणि पेशी चहूकडे पसरल्या. "ठसाच कामातून गेलाय," असे म्हणून तिने मला केराच्या डब्यात टाकले. तिच्याकडे आता पेशींची एकच कुपी उरली होती. चूक कुणाची आणि शिक्षा कुणाला! मला भयंकर राग आला. अजून येतो.

तिच्या मार्गदर्शक मॅडमनी ती काच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि मला डब्यातून बाहेर काढले. चिकटपट्टीने माझ्या अंगावरचा कचरा उचलला, मला नीट धुतले.

"याला दाबायचं नसतं गं, नुसतं ठेवायचं असतं," त्या म्हणाल्या. "ठेव आणि हात पाठीमागे बांध."

ताई ओशाळली. मला अलगद ठेवून ती हात बांधून उभी राहिली. माझे स्वतःचे वजन पुरेसे होते. शेवटच्या कुपीतल्या पेशी शहाण्यासारख्या रांगेत वाढल्या, त्यांचा स्नायू झाला आणि एके दिवशी सगळ्या रांगा एकदम धडधडू लागल्या. ताई कितीतरी वेळ सूक्ष्मदर्शकापासून हलली नाही. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "चुकलं बाबा माझं."

आता माझ्या कडा झिजल्या आहेत. नवी आलेली मंडळी मला पाहून केराच्या डब्याकडे बघतात. बघू देत. मित्रांनो, वस्तू बिघडली म्हणण्याआधी आपला अंगठा तपासा. मला टाकायचेच असेल तर खुशाल टाका. पण आधी मला एकदा काचेवर ठेवा, हात पाठीमागे बांधा आणि मग बोला.